माझा रविवार तू देऊन टाकलास

शालन,

तू गेल्यानंतरच्या मंगळवारी स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी एका गृहस्थांना माझ्या मोबाइलच्या दुकानात आणून बसवलं. हातात पांढरी काठी, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर वैताग. मी विचारलं, काका, फोनला काय झालंय? ते म्हणाले, फोनला काही झालेलं नाही, मला बँकेत जायचं होतं. स्टेशनबाहेर येऊन त्यांनी काठी उघडली मात्र, कोणीतरी कोपर धरलं, 'चला, ताईंकडे सोडतो' म्हणालं, आणि ते नको नको म्हणत असताना रिक्षा माझ्या पायरीशी येऊन थांबली. भाडंही घेतलं नाही.

हे तुझं काम. स्टँडवर जाऊन तूच सांगून ठेवलं होतंस, काठीवाला माणूस दिसला की रंजीच्या दुकानात आणा, उतरून पायरीपर्यंत हात द्या. फक्त रविवारी आणा असं सांगायला हवं होतंस. तू वार सांगितलाच नाहीस. आता घाटकोपर पश्चिमेला ज्याला दिसत नाही त्याला बँकेत जायचं असो, बहिणीकडे जायचं असो की नुसती भाजी घ्यायची असो, तो आधी माझ्याकडे येतो. मी त्या काकांना बँकेच्या दारापर्यंत सोडून आले आणि परत येताना तुला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला बाहेर येऊन बघायला लागला. बघू दे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं हे मला कळतं. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते तुझ्या बाजूने मिटलं असं कोणी समजू नये म्हणून मी लिहायला बसलेय. तुझ्यावर ज्यांनी भाषणं केली त्यांच्यापैकी एकालाही हे भांडण माहीत नव्हतं. त्यांना तू गोड, समाधानी, सतत मदत करणारी शालनताई. मला तू माहीत आहेस. तुझ्यासारखी हट्टी बाई मी धंद्यात पाहिली नाही, आणि धंद्यात मी पुष्कळ पाहिलंय.

पहिल्यांदा आलीस तेव्हा कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर ते काच उघडणारं घड्याळ. काट्यांवरून बोट फिरवून वेळ बघितलीस आणि म्हणालीस, बोलका फोन हवाय, जुना चालेल, पण आवाज स्वच्छ हवा. मी एक काढला, किंमत सांगितली आणि गप्प बसले. ही माझी जुनी रीत. फुटपाथवर ट्रेमध्ये कव्हरं मांडून विकायचे तेव्हापासूनची. एकदा भाव सांगितला की तोंड मिटायचं. गिऱ्हाईक वस्तू उलटसुलट करतं, घाम पुसतं, बायकोकडे बघतं, आणि शेवटी जो आधी बोलतो तो उतरतो, म्हणजे नमतो. मी कधी आधी बोलले नव्हते. महापालिकेच्या गाडीत माल उचलून नेला तेव्हा साहेबापुढेसुद्धा नुसती उभी राहिले होते, आणि तो आधी बोलला होता.

तू फोन काउंटरवर ठेवलास, मान जराशी वाकडी केलीस, आणि विचारलंस, 'हॅलो? आहेस का गं?'

इतकं सरळ विचारलंस, जणू मी पलीकडच्या गावाहून बोलतेय. माझ्या तोंडून गेलं, 'आहे. जाते कुठे? दुकान माझं आहे.'

झालं. मी आधी बोलले होते. तुला मी म्हटलं त्याच्यापेक्षा कमीत तो फोन मिळाला, आणि वर कव्हर. जाताना हसून म्हणालीस, अगं, मी आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होते. बँकेच्या बोर्डवर बसायचे. लाइनवर कोणी बोलेनासं झालं की आम्ही पहिलं हेच विचारतो. शांतता झाली म्हणजे लाइन मेली.

हे मी लक्षात ठेवायला हवं होतं. पुढे याच एका गोष्टीने माझी वाट लावली.

फोन घेऊन गेलीस आणि चार-पाच दिवसांत परत आलीस. तक्रार फोनची नव्हती, आतल्या अ‍ॅपांची होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बोलका फोन म्हणजे काय. काचेवरून बोट फिरवलं की खाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो. पण ज्याने अ‍ॅप बनवलं त्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर फोन बिचारा काय वाचणार? तो नुसता म्हणतो, 'बटण'. पुढच्याला बोट लाव, 'बटण'. तू माझ्या काउंटरवर बसून मला ऐकवत होतीस, बटण, बटण, बटण, आणि म्हणालीस, एखाद्या इमारतीत सगळ्या दारांवर नुसतं 'दार' लिहिलं तर तू संडास कसा शोधशील, रंजे? माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. मीही हसले. हसले नसते तर कदाचित तिथेच संपलं असतं.

रविवारी दुपारनंतर मी शटर अर्धं ओढते. ती माझी एकटीची वेळ होती. फॅनखाली स्टुलावर पाय टाकून बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, कोणाला काही विकायचं नाही. तुला मी हे सांगितलं, हीच चूक. पुढच्या रविवारी तू अर्ध्या शटरखालून वाकून आत आलीस, आणि तुझ्यामागून विष्णूकाका. काका साखरेने डोळे गेलेले, पूर्वी गिरणीत होते, मग भांडुपच्या एका कारखान्यात. मूळचे कुडाळचे, माझ्या माहेरच्या बाजूचे. त्यामुळे त्यांना हाकलताही येईना. 'गो, माका शिकव आता तूच,' म्हणाले आणि माझ्याच स्टुलावर बसले. त्याच्या पुढच्या रविवारी पाच जणं. मग कॉलेजची मुलं, त्यांना समाजसेवेची हजेरी लागायची, ती तुझ्यापाशी बसून अ‍ॅपांची परीक्षा घ्यायला लागली. समोरच्या सोसायटीने प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या. चहा कोपऱ्यावरून यायचा. हे सगळं तू नुसतं मागून आणलंस. सोसायटीच्या सेक्रेटरीला, प्रिन्सिपॉलना, रिक्षावाल्यांना. त्याबदल्यात काहीही देऊ केलं नाहीस.

मला ते सहन व्हायचं नाही. मी तुला सांगायचे, फुकट मागितलेली गोष्ट कधीही काढून घेतात. सौदा कर, मग ती आपली होते. तू म्हणायचीस, प्रत्येक गोष्टीला वजनकाटा लावू नकोस गं, माणसांना द्यायला आवडतं, फक्त कोणीतरी विचारायला लागतं. मी म्हणायचे, मला आवडत नाही. आणि तू म्हणायचीस, म्हणूनच तुला विचारलं नाही.

खरंच विचारलं नाहीस. माझा रविवार तू मला न विचारता देऊन टाकलास. दुसऱ्याचा माल कोणी आपल्या सौद्यात घालत नाही, शालन. तू घातलास.

मुलुंडच्या त्या दवाखान्याचं नाव मी इथे घेत नाही. नाव घेतलं तर ते फुशारकी मारतील. ट्रस्टचा दवाखाना, चांगले डॉक्टर, विष्णूकाकांचे पाय तिथेच दाखवायचे असतात. त्यांनी टोकनची खिडकी बंद केली आणि सांगितलं, आता सगळं अ‍ॅपवर. काकांनी घरी बसून टोकन घेतलं, म्हणजे त्यांना वाटलं की घेतलं. तिथे तीन बटणं शेजारीशेजारी, तिन्ही बिननावाची. एकाने टोकन मिळतं, एकाने रद्द होतं. काकांनी पहिलं दाबलं, मग खात्रीसाठी दुसरं. सकाळपासून बाकड्यावर बसून राहिले, नाव काही पुकारलं जाईना. दुपारी कोणीतरी बघून सांगितलं की तुम्हीच रद्द केलंय. पायाला पट्टी तशीच घेऊन माणूस घरी आला. त्या रविवारी त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ह्यो परत घे.

मग आपण दोघी मुलुंडला गेलो. मी ठरवून गेले होते. तिथले जनसंपर्काचे कर्णिक साहेब गोड माणूस. आधी चहा, मग कौतुक. त्यांना आपलं रविवारचं मंडळ हवं होतं. आपल्या लोकांनी त्यांचं अ‍ॅप वापरून चुका सांगायच्या, मग उद्घाटन, 'सर्वांसाठी सुलभ' अशी पाटी, फोटो. मला हे बघताक्षणी कळलं, त्यांना फोटोची गरज आहे. ज्याला गरज आहे तो उतरतो. मी म्हटलं, साहेब, चुका काढून देऊ. पण आधी तीन बटणांना नावं, आणि ती होईपर्यंत खिडकी उघडी. मग पाटी. मग फोटो. त्याच्याआधी आमचा एकही माणूस तुमच्या फोटोत उभा राहणार नाही.

आणि मी गप्प बसले.

तुझा हात दाबला. तोंड मिटून ठेव, एवढाच त्याचा अर्थ होता. खोलीत एसीची घरघर. कर्णिकांनी शेजारच्या बाईंकडे बघितलं. बाईंनी खांदे उडवले. कर्णिकांनी पेन उचललं, टोपण काढलं. शालन, तो माणूस 'बरं' म्हणणार होता. ओठ उघडलेले मी पाहिले. गिऱ्हाईक उतरण्याआधी त्याच्या गालावर जे होतं ते मी हजारदा पाहिलंय.

आणि तू म्हणालीस, 'चालेल साहेब. तुम्ही जमेल तसं करा.'

बाहेर एलबीएस रस्त्यावर मी तुझ्यावर जे ओरडले ते ऐकून रिक्षावालाही थांबेना. तू शांतपणे काठी उघडलीस आणि म्हणालीस, मला कोणाचाच आवाज येईना. मला वाटलं, ते उठून गेले की काय. तू हात दाबलास, मला वाटलं, बोल म्हणतेस. मी म्हटलं, अगं, तो सही करायला बसला होता. तू म्हणालीस, 'ते तुला दिसत होतं, रंजे. मला लाइन मेलेली ऐकू येत होती.'

मी पुढच्या रिक्षाला हात केला. पण मला ते पटलेलं नव्हतं, आणि आजही पटलेलं नाही. साठी ओलांडलेली बाई बैठकीला जाते तर शेजारच्या बाईवर एवढा भरवसा ठेवायला नको?

उद्घाटन झालं, पाटी लागली. तुझा फोटो त्यांच्या पत्रिकेत आला, हसरा. बटणं तशीच. कर्णिक म्हणाले, पुढच्या टप्प्यात घेऊ.

मग तू जे केलंस त्यावर आपलं खरं भांडण. फोनमध्ये सोय असते, बिननावाच्या बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. पण ते त्या एका फोनपुरतं. दुसऱ्याच्या फोनवर ते बटण पुन्हा मुकंच. तू एकेकाचा फोन मांडीवर घेऊन नावं द्यायला बसलीस. रविवारमागून रविवार. आणि नावं तरी कसली? टोकनच्या बटणावर 'टोकन इथे, देवाचं नाव घे आणि दाब'. रद्द करायच्या बटणावर 'हात लावू नकोस रे बाबा'. तिसरं कशाचं आहे ते कोणालाच कळत नव्हतं, त्याला तू नाव दिलंस, 'रंजीला विचार'. फोनचा तो कोरडा बाईचा आवाज अगदी सरकारी सुरात वाचायचा, रंजीला विचार. आणि माणसं विचारायची. बोरिवलीहून फोन, अंधेरीहून फोन, वर्सोव्याच्या एका म्हाताऱ्या कोळीणबाईंचा फोन, मी मासळीच्या बाजारातून बोलतेय, ते तिसरं बटण दाबलं तर काय होईल गं? मला काय माहीत काय होईल. मी म्हणायचे, नका दाबू. तिथे रंजीला विचार लिहिलंय म्हणून विचारते, असं त्या म्हणायच्या.

मी तुला म्हटलं, तू त्यांचं पाप झाकतेस. त्यांनी करायचं काम तू फुकट करतेस, आणि म्हणून ते कधीच करणार नाहीत. कोणाचीच तक्रार जात नाही, त्यांना वाटतं सगळं छान चाललंय. पन्नास फोनांवर नावं देशील, एक्कावन्नावा माणूस नव्याने आंधळा होईल त्याचं काय? नावं देणं थांबव. सगळ्यांना घेऊन त्यांच्या दारात बसू. बघू किती दिवस टिकतात.

तू मान वाकडी करून ऐकलंस आणि विचारलंस, 'आणि तोवर?'

मी म्हटलं, तोवर काय, तोवर त्रास. त्रास झाला तरच हलतात.

'त्रास काकांच्या पायाला होईल. तुझ्या नाही.'

तिथे मी फोन आपटला. तुझा नाही, माझा. आणि त्यानंतर आपण बोलणं सोडलं. म्हणजे रविवार चालूच होते, ते कसे थांबणार, पण आपण एकमेकींशी बोलायचो ते विष्णूकाकांमार्फत. काका, तिला सांगा चहा आलाय. काका, तिला सांगा मला दिसत नसलं तरी चहाचा वास येतो. काका बिचारे दोन्ही बाजूंनी निरोप पोचवायचे, आणि मध्येच म्हणायचे, मी गिरणीत युनियन आणि मॅनेजमेंट दोन्ही बघितली, तुमच्यापेक्षा ती शहाणी.

मी वाट बघत होते. तू आधी बोलशील ही माझी खात्री होती. शांतता तुला सोसत नाही, तूच सांगितलं होतंस. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज विचारेल, आहेस का गं? आणि तू मात्र या वेळी टिकलीस. माझंच हत्यार उचलून माझ्यावर चालवलंस, आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवलंस. शेवटच्या रविवारी निघताना पायरीवर थांबलीस. घड्याळाची काच उघडलीस, काट्यांवर बोट फिरवलंस, काच बंद केलीस. काहीतरी बोलणार होतीस की नुसती वेळ बघत होतीस, हे मला आता कोण सांगणार?

मग तुझ्या वहिनींचा फोन आला. सकाळी चहाला उठवायला गेल्या तर तू झोपेतच.

सौदा अर्धा टाकून उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही काय म्हणतो ते तुला माहीत आहे. मी ते तुला स्मशानात म्हटलं, मनातल्या मनात, कारण आजूबाजूला तुझी बँकेतली माणसं होती.

तुझं दिवसकार्य होतंय तोच मला कळलं की मी कशात अडकलेय. वहिनींनी सांगितलं, शालन म्हणायची, मी नसले तरी रविवारला काही होणार नाही, रंजी आहे. कॉलेजच्या मुलांना हेच सांगितलेलं. स्टँडवर हेच. मोबाइलवर जो आपल्या मंडळाचा ग्रुप आहे त्यात तू मला केव्हाच अ‍ॅडमिन करून ठेवलं होतंस. मी त्यातून बाहेर पडले. कोणीतरी मला परत आत घेतलं आणि लिहिलं, ताई, चुकून बोट लागलं वाटतं. मी पुन्हा बाहेर पडले नाही. काय लिहिणार, चुकून नव्हतं म्हणून?

मी शटरला कुलूप लावून रविवारी माहेरी जाऊन बसायचं ठरवलं. शनिवारी दवाखान्याने अ‍ॅप बदललं. नवा रंग, नवी मांडणी. अ‍ॅप असं बदललं की आपण दिलेली नावं पुसली जातात. रविवारी दुपारी मी पिशवी भरून शटर ओढायला वाकले, तर पायरीवर सगळी उभी. विष्णूकाका पुढे. हातातल्या प्रत्येक फोनवर बोट, आणि प्रत्येक फोन म्हणतोय, बटण. बटण. बटण. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली.

माझ्या काउंटरवरचा शिकवायचा फोन मी उघडला. त्यातही नाही. 'हात लावू नकोस रे बाबा' नाही, 'देवाचं नाव घे' नाही. तू गेलीस तेव्हा मी रडले नव्हते, शालन. त्या दिवशी पाठीमागच्या फळीकडे तोंड करून चार्जर लावतेय असं दाखवत उभी राहिले. काका म्हणाले, आहेस का गं? मी म्हटलं, चार्जर शोधतेय.

दवाखान्याने तुझी शोकसभा ठेवली. हॉलमध्ये हार घातलेला तुझा तोच हसरा फोटो, आणि शेजारी भिंतीवर पडदा. पडद्यामागे नवी पाटी, तुझ्या नावाची, शालन सुलभ सेवा असं काहीतरी. कर्णिक साहेबांनी मला दोन शब्द बोलून दोरी ओढायला बोलावलं. म्हणाले, त्यांच्या जागी आता तुम्हीच. मी वर गेले, शिकवायचा फोन पर्समधून काढला, माइकजवळ धरला आणि त्यांच्या अ‍ॅपवरून बोट फिरवलं.

बटण. बटण. बटण. हॉलभर.

मग म्हटलं, 'यातलं टोकन देणारं कुठलं आणि घालवणारं कुठलं, हे कोणीतरी मला डोळे मिटून सांगा. तोवर दोरी मी ओढत नाही.'

आणि मी गप्प बसले.

मला नेहमीची शांतता अपेक्षित होती. पण ही शोकसभा होती. माइकपाशी कोणी गप्प झालं की लोकांना एकच गोष्ट कळते. मागच्या रांगेतला एक जण उठला, हात बांधून मान खाली घातली. मग त्याच्या शेजारचा. खुर्च्या सरकल्या आणि अख्खा हॉल श्रद्धांजलीला उभा राहिला. ट्रस्टी उभे राहिले, कर्णिक उभे राहिले, डॉक्टर, नर्सा, सगळे. आता मला बोलायला लावायची कोणाची छाती? मृतात्म्यासाठीची स्तब्धता कोण मोडणार? मी माझा भाव सांगितलेला, आणि माझी गप्प बसण्याची रीत तुझ्या फोटोखाली, तुझ्या हाराखाली. असा सौदा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

मी लांबवलं. मुद्दाम लांबवलं. ट्रस्टींनी पायावरचा भार बदलला. कर्णिकांनी पापण्यांखालून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला एकच धास्ती होती, तू बोलशील. खरंच सांगते, फोटोकडे बघायची हिंमत होईना. आता म्हणेल, चालेल साहेब. आता म्हणेल. आणि तेवढ्या वेळात, इतकी माणसं असून, मला पहिल्यांदा ऐकू आलं की तुला काय ऐकू येत होतं. पलीकडे कोणीच नाही. तार तशीच, आणि पलीकडे कोणीच नाही.

कर्णिक आधी बोलले. माइकपाशी येऊन, घसा खाकरून. महिनाअखेरीपर्यंत तिन्ही बटणांना नावं, विश्वस्तांसमोर शब्द देतो. खिडकीचं मात्र वर विचारावं लागेल. मी म्हटलं, बटणं झाली की दोरी ओढायला येईन, आणि खाली उतरले. पडदा अजून तसाच आहे.

मी जिंकले, शालन. तू असतीस तर हे मिळालं नसतं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले असते, आणि तू मान वाकडी केली असतीस.

बाहेर बाकड्यावर विष्णूकाका बसले होते, तेच बाकडं. मी शेजारी बसले. काका म्हणाले, झकास केलंस गो. शालनला ह्या जमला नसता. मग काठीची मूठ चोळत राहिले, आणि म्हणाले, 'पण माका सोमवारी पाय दाखवूचे आसत. तोवर?'

त्यांनी तुझी नक्कल केली नव्हती. त्यांना खरंच सोमवारी पाय दाखवायचे होते.

मी काकांचा फोन मांडीवर घेतला. डोळस माणसाला हे काम किती किचकट आहे ते तू कधी बोलली नाहीस. बोट ठेवून दाबून धरायचं, चौकट येते, तिथे लिहायचं, जतन करायचं, पुन्हा शोधायचं. मी 'टोकन' एवढंच लिहिलं, मला देवाचं नाव वगैरे जमणार नव्हतं. रद्दच्या बटणावर 'रद्द' लिहिलं, मग ते खोडून लिहिलं, 'हात लावू नकोस रे बाबा'. तिसरं कशाचं आहे ते नव्या अ‍ॅपमध्येही मला कळलं नाही. लिहायला दुसरं काही सुचेना. तुझंच लिहिलं, माझ्या हाताने, माझंच नाव.

काम करताना मी बोलत नाही. कधीच बोलले नाही. दवाखान्याच्या आवारात माणसं येत-जात होती, हॉलमधून खुर्च्या उचलण्याचा आवाज येत होता. काकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग शेजारच्या रिकाम्या जागेत हात फिरवला.

'गो, आहेस मां?'

'आहे,' मी म्हटलं. 'जाते कुठे?'